पडद्यावरील शर्यत आणि वर्गातील मूल



मराठवाड्यातील वा विदर्भातील शंकरपट ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला शर्यत म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. बैलजोडी सुटते, धुरळा उठतो आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. ही शर्यत न्यायालयाच्या दारापर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पुढे महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ती वैध ठरविली. शर्यतीचे वेड इतके जुने आणि इतके खोल आहे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील एखाद्या वस्तीवरचा मुलगा हाती मोबाइल येताच मोटारशर्यतीचा खेळ उघडतो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल आहे ते पुढच्या गोष्टीचे. तो मुलगा एके दिवशी शिक्षकास सांगतो, "गुरुजी, मला या खेळात अजिंक्यपद मिळवायचे आहे." त्या क्षणी गुरुजींनी काय उत्तर द्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

हसून वाटेला लावणे सोपे आहे. रागावणे त्याहून सोपे. परंतु या दोन्ही उत्तरांनी मूल शिक्षकाच्या हातून सुटते आणि मोबाइलच्या हाती जाते. म्हणून प्रथम हा खेळ काय आहे, हे शिक्षकाने नीट समजून घेतले पाहिजे.

पडद्यावरील मोटारशर्यतीचे दोन प्रकार आहेत. एक केवळ करमणुकीचा. त्यात मोटार भिंतीवर आदळली तरी उसळून पुन्हा धावू लागते. दुसरा प्रकार अनुकृतीचा. त्यात खऱ्या शर्यतमार्गाचे लेझर किरणांनी मोजमाप घेऊन त्यातील चढउतार संगणकात उतरविलेले असतात. टायरची पकड, मोटारीचे वजन, इंधनाचे घटते ओझे, या साऱ्यांचे गणित क्षणोक्षणी मांडले जाते. खेळाडू खुर्चीत बसून स्टिअरिंग फिरवितो आणि पायाने ब्रेक दाबतो. चाके घसरू लागली की त्याचा हिसका स्टिअरिंगमधून त्याच्या हाताला जाणवतो. जपानमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेला 'ग्रॅन टुरिस्मो' आणि अमेरिकेत २००८ साली सुरू झालेला 'आयरेसिंग' हे या दुसऱ्या प्रकारातील प्रसिद्ध खेळ होत. इंटरनेटच्या द्वारे निरनिराळ्या देशांतील खेळाडू एकाच मार्गावर एकत्र येतात आणि अजिंक्यपदासाठी झुंजतात. फॉर्म्युला वनची अशी स्पर्धा २०१७ पासून, तर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या मान्यतेने ग्रॅन टुरिस्मोची स्पर्धा २०१८ पासून होऊ लागली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २०२१ च्या आपल्या ऑनलाइन क्रीडामालिकेत या खेळास स्थान दिले.

या कौशल्याला पडद्याबाहेर काही किंमत आहे काय, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर दोन उदाहरणांत मिळते. निस्सान आणि सोनी या कंपन्यांनी २००८ साली एक योजना आखली. पडद्यावर वेगवान ठरलेल्यांतून निवड करावयाची आणि निवडलेल्यास खऱ्या मोटारीवर शिक्षण द्यावयाचे, अशी ती योजना होती. जान मार्डेनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली सुमारे ९०,००० स्पर्धकांतून निवडला गेला आणि २०१३ साली फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळविला. अमेरिकेतील विल्यम बायरन हा किशोरवयात घरच्या संगणकावर शर्यत शिकला. त्याने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना येथील ५०० मैलांची विख्यात शर्यत जिंकली.

परंतु उदाहरण सांगावयाचे तर पुरते सांगावे. सुमारे नव्वद हजारांत एक निवडला गेला, याचा अर्थ बाकीचे सारे घरी राहिले. आणि त्या एकाच्या आयुष्यातही २०१५ सालचा मार्च महिना आला. जर्मनीतील नुर्बुर्गरिंग मार्गावर मार्डेनबरोची मोटार एका चढावर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे जाऊन आदळली. एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. पडद्यावर मोटार उलटली तर एक कळ दाबून शर्यत पुन्हा सुरू करता येते. रस्त्यावर ती कळ नसते. समृद्धी महामार्ग ज्या जिल्ह्यातून जातो आणि ज्या जिल्ह्यातील मुले मोठ्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसतात, त्या जिल्ह्यातील शिक्षकाने हे एक वाक्य तरी वर्गात अवश्य सांगावे.

येथे हा खेळ शिक्षकाच्या उपयोगी पडू लागतो. समृद्धी महामार्गावर मोटारीस ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटरांहून किंचित अधिक. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते. शाळेचे पटांगण दोरीने मोजून मुलांना ते अंतर चालावयास लावावे. मग पट्टीचा प्रयोग करावा. एका मुलाने पट्टी उभी धरावी, दुसऱ्याने तिच्या शून्यापाशी बोटे उघडी ठेवावीत आणि पट्टी सुटताच ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर पकडण्यास सुमारे एकपंचमांश सेकंद लागला असे गणिताने निघते. तेवढ्या वेळात महामार्गावरील मोटार जवळजवळ ७ मीटर धावते. तेथे तर मूल पट्टीकडेच डोळे लावून बसलेले असते. रस्त्यावर संकट सांगून येत नाही, म्हणून वेळ अधिक लागतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते, हा नियमही अशाच वेळी मुलांच्या मनावर ठसतो.

मोठ्या मुलांसाठी याहून वरचे उदाहरण आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध शर्यतमार्गाची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. तेथे २०११ साली सेबास्टियन फेटेल याने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एक फेरी ८७.२४९ सेकंदांत पुरी केली. सरासरी वेग काढावयास सांगावा. तो ताशी सुमारे २११ किलोमीटर येतो. मग विचारावे, सेकंदाच्या शंभराव्या भागात तो किती पुढे गेला? उत्तर सुमारे ५९ सेंटिमीटर. दशांश अपूर्णांकाचा तिसरा अंक कोणाच्या कामाचा, असे विचारणाऱ्या मुलास याहून चांगले उत्तर पुस्तकात सापडणार नाही.

खेड्यातील मुलाची एक तक्रार असते. शहरातील मुलाकडे वेगवान इंटरनेट आहे, म्हणून तो जिंकतो, असे तो म्हणतो. या तक्रारीत सत्य किती, हे पाहण्यासारखे आहे. अनुकृतीच्या खेळांत साधारणतः स्वतःच्या मोटारीचे गणित स्वतःच्याच यंत्रात होते. इंटरनेटवरून येते ती इतर मोटारींच्या स्थानाची वार्ता, आणि ती थोडी उशिरा येते. मधला काळ यंत्र अंदाजाने भरून काढते. म्हणून दोन मोटारी अगदी शेजारी धावत असता एकाला टक्कर दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. परंतु एकट्याने घड्याळाशी लढावयाच्या फेरीत, जी पुष्कळ स्पर्धांची पहिली पायरी असते, हा विलंब फारसा आड येत नाही. तेथे वळणावर ब्रेक कोठे लावला आणि किती वेळा सराव केला, हेच ठरते. मात्र साधनांच्या विषमतेकडे डोळेझाक करता येत नाही. स्पर्धेस योग्य असे स्टिअरिंग, संगणक आणि पडदा यांचे मोल शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतके होते. मुलाच्या हट्टापायी पालकाने त्यासाठी कर्ज काढू नये, हे शिक्षकाने स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या खेळातील एक व्यवस्था शाळेने उचलण्याजोगी आहे. ग्रॅन टुरिस्मोच्या ऑनलाइन शर्यतींत प्रत्येक खेळाडूस दोन प्रतींचे गुण असतात. एक वेगाचे, दुसरे वर्तनाचे. दुसऱ्यास धक्का देऊन पुढे गेल्यास वर्तनाचे गुण घटतात आणि ते फार घटले की वेगाचे गुणही उतरतात. नुसत्या वेगाने तेथे कोणी श्रेष्ठ ठरत नाही. शाळेच्या कबड्डीत आणि खोखोत अशी दुसरी वही ठेवली, तर काय बिघडेल?

प्रामाणिकपणाचीही एक गोष्ट या क्षेत्रात घडली आणि तिचा धागा थेट या जिल्ह्यापर्यंत येतो. संभाजीनगरजवळच्या शेंद्रे येथे स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला आणि पुढे तेथेच ऑडी मोटारींची जुळणी होऊ लागली. या ऑडीच्या विद्युत् मोटारसंघात डॅनियल ॲप्ट नावाचा जर्मन चालक होता. २०२० साली महामारीमुळे खऱ्या शर्यती थांबल्या आणि चालक घरूनच पडद्यावर शर्यत करू लागले. मे महिन्यातील एका शर्यतीत ॲप्टच्या नावाने दुसराच एक कुशल खेळाडू बसला आणि त्याने तिसरा क्रमांक मिळविला. बिंग फुटले. ॲप्टला बाद करण्यात आले, दहा हजार युरो धर्मादाय कार्यास द्यावे लागले आणि ऑडीने त्याला संघातून दूर केले. आपण हे गंमत म्हणून केले, असे सांगून त्याने क्षमा मागितली. परंतु गेलेली जागा परत मिळाली नाही. परीक्षेत दुसऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या मुलास ही हकीकत सांगावी. खेळ पडद्यावरचा होता, बक्षीस मोठे नव्हते, तरी नाव खरे होते. आणि नावाखाली दुसऱ्याचे काम खपविण्याची किंमत खरीच मोजावी लागली.

आता कायद्याविषयी. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडा हा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. पुढे संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. हस्तकौशल्य, चपळ बुद्धी आणि डावपेच यांवर चालणारी संघटित स्पर्धा ही ई-क्रीडा होय. तीत प्रवेशशुल्क आणि पारितोषिक असू शकते, पण पैज असू शकत नाही. उलट जिंकण्याच्या आशेने पैसे लावावयाचा जो खेळ, तो चालविणे आणि त्याची जाहिरात करणे हा गुन्हा ठरविला आहे. पुष्कळ पालकांस हा भेद ठाऊक नसतो. मुलगा शर्यत खेळतो की पैसे लावतो, हे शिक्षकाने शांतपणे विचारून घ्यावे. पैशाचा वास आला, तर पालकांस त्याच दिवशी भेटावे.

दुसरा धोका व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर सवयीस विकार म्हणून स्थान दिले आहे. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत. खेळ आवरता येत नाही. इतर आवडी व नित्याची कामे मागे पडतात. आणि हानी दिसत असूनही खेळ चालूच राहतो. वर्गात पेंगणारे मूल, मित्रांपासून तुटलेले मूल आणि मोबाइल काढून घेताच अनावर संतापणारे मूल शिक्षकास सर्वांच्या आधी दिसते. तेथे शिक्षेचा उपयोग होत नाही. पालकांशी बोलावे आणि गरज पडल्यास वैद्यकीय सल्ला घेण्यास सुचवावे.

मग अजिंक्यपदाची इच्छा धरणाऱ्या त्या मुलास काय सांगावे? त्याला प्रथम एक कोरी वही द्यावी. रोज किती वेळ खेळलास, तो आधी लिही, असे सांगावे. आणि ती मर्यादा गुरुजी, पालक व मूल यांनी मिळून ठरवावी. मग प्रत्येक फेरीचा वेळ, कोणत्या वळणावर चूक झाली आणि उद्या काय बदलणार, हे त्याने लिहावे. पटांगणावर चुन्याने शर्यतमार्ग आखून मुलांना जुने टायर काठीने पळवावयास लावावे. जो वळणात भरधाव शिरतो, त्याचा टायर बाहेर जातो. जो आधी वेग आवरतो, तो बाहेर पडताना पुढे निघतो. ज्या मुलाच्या घरी मोबाइलही नाही, त्याला या खेळात तेवढाच वाटा मिळतो.

ही वही महिनाभर नेमाने भरली गेली, तर मुलगा अजिंक्यपदास पोचो वा न पोचो, त्याने मोजणे, चूक शोधणे आणि ती सुधारणे हे शिकून घेतलेले असेल. वही चार दिवसांत कोरी पडली, तर ती इच्छा किती खोल होती हे त्याचे त्यालाच कळेल आणि कोणाला रागवावे लागणार नाही. दोन्ही प्रकारे मूल शिक्षकाजवळ राहील. ज्या मुलाने आपले वेडेवाकडे स्वप्न गुरुजींना सांगितले, त्याने गुरुजींवर विश्वास टाकला आहे. तो विश्वास राखणे हेच शिक्षकाचे त्या दिवशीचे पहिले काम होय.