केसपेपरवरचा कोरा रकाना
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च जुळेपर्यंत चैन पडत नाही, ही माझी जुनी खोड. क्षयरोग वॉर्डाच्या नोंदी चाळताना एक शेरा वारंवार आढळला : ‘रुग्ण न सांगता निघून गेला.’ अशाच एका रुग्णाची पत्नी मला म्हणाली, “साहेब, तिसऱ्या दिवशी यांचे हात थरथरायला लागले, झोप उडाली, भलतंच दिसायला लागलं. हे दारू पितात का, एवढं कुणी विचारलंच नाही.”

केसपेपरवर तो रकाना होता. तो कोरा होता.

आपल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की कंप, घाम, भास, प्रसंगी झटकेही येतात. वेळीच ओळखल्यास यावर उपचार आहेत. न ओळखल्यास रुग्ण पळून जातो आणि आपण त्याला बेशिस्त ठरवतो. क्षयाचे उपचार साधारणतः सहा महिने चालतात. ते अर्धवट सुटले, तर रोग पुन्हा बळावतो, जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात आणि घरच्यांनाही धोका पोहोचतो. शिवाय आयसोनियाझिडसारख्या औषधांमुळे यकृताला होऊ शकणारा अपाय दारूमुळे वाढतो. आजार दोन होते. आपण एकच नोंदवला.

व्यसन हा आजार आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे यांची देणगी होती. क्षयरोग आणि तंबाखू नियंत्रण यांची सांगड घालणारा राष्ट्रीय आराखडाही २०१७ साली आला. तो विचार आपल्या वॉर्डापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे तीन प्रस्ताव नम्रपणे ठेवतो : संसर्गजन्य रोग विभागातील निवासी डॉक्टर व परिचारिकांना व्यसनोपचाराचे प्रशिक्षण, मनोविकारतज्ज्ञांची त्याच वॉर्डात नियमित फेरी, आणि एक पूर्णवेळ समुपदेशक. नवी इमारत नको, महागडे यंत्र नको.

ते गृहस्थ काही आठवड्यांनी परत आले, अधिक खंगलेले. या वेळी तो रकाना भरला गेला. दोन्ही आजारांवर उपचार सुरू आहेत. पुढच्या रुग्णासाठी तो पहिल्याच दिवशी भरला जावा, एवढीच आपणां सर्वांकडे विनंती.