एका अनुबोधपटाची हकीगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



याच सभागृहात लहानपणी मी आईबरोबर हळदीकुंकवाला येत असे. तिळगूळ मिळाला की मागच्या बाकावर जाऊन बसत असे. त्यामुळे आज इथे उभे राहताना थोडे अवघडल्यासारखे होते. त्यातून विषयही असा, की हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी शोभू नये. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तू तो सिनेमा केलास ना, त्याबद्दलच सांग. मुलगे आमच्याही घरात आहेत."

पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्हां पाच विद्यार्थ्यांना मिळून वीस मिनिटांचा एक अनुबोधपट करावयाचा होता. आपल्यापैकी वडील मंडळींना आठवत असेल, पूर्वी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे असे पट दाखवीत, आणि लोक तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर जात. आम्ही विषय घेतला शरीरसौष्ठवाचा, आणि त्यासाठी मुलगे स्टिरॉइडची जी इंजेक्शने टोचून घेतात त्यांचा. घाटकोपरच्या पंतनगरापासून मुलुंडपर्यंत कोणत्याही गल्लीत शिरा, एखादी जिम सापडतेच; चौकात कुठल्या ना कुठल्या 'श्री'चा फलक असतो. खरे सांगायचे तर, पडद्यावर हे चांगले दिसेल, हाही लोभ होता.

आणि दिसलेही चांगले. एका मैदानावरच्या स्पर्धेत आम्ही कनातीमागे गेलो, तर मुले एकमेकांच्या पाठीला तपकिरी रंग फाशीत होती. एकाचे ओठ अगदी सुकले होते. स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्याने आदल्या दिवसापासून पाणी तोडले होते. मंचावर दिवे, शिट्ट्या, टाळ्या. खाली उतरला तो भिंतीला टेकून बसला, आणि आम्ही तेही टिपून घेतले.

त्याच मुलाने पुढे आमच्यासमोर मोकळेपणाने सांगितले. वय एकोणीस. पहिली सुई सतराव्या वर्षी, जिममध्ये ज्यांना सगळे 'सर' म्हणत त्यांच्या हातून. काही आठवडे सुया आणि गोळ्या, मग खंड, मग पुन्हा सुरू. याला ती मुले 'सायकल' म्हणतात. त्याची अट एकच होती : आईला कळता कामा नये. मी वचन दिले.

त्याचे जेवण टिपायला आम्ही त्याच्या घरी गेलो. काकू अंडी उकडीत होत्या. रोज डझनभर अंडी, शिवाय कोंबडी. त्यासाठी त्यांनी दोन घरचे पोळ्यांचे काम वाढवून घेतले होते. मुलगा दूध आणायला खाली गेला. यंत्र तिवईवर चालूच राहिले होते. काकू हळूच म्हणाल्या, "बाळ, तुला म्हणून सांगते. मागं याच्या कपाटात मला सुई सापडली होती. गर्दच्या नादाला लागला की काय, म्हणून रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी विचारलं, तर म्हणाला, आई, ती ताकदीची आहे, व्हिटॅमिनसारखी. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला." आणि त्या हसल्या. पाठीवर पुटकुळ्या फार येतात म्हणून आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घालते, असेही म्हणाल्या.

भगिनींनो, त्या पुटकुळ्या कशाच्या हे मला ठाऊक होते. मी दिलेले पोहे खाल्ले आणि घरी आले.

आमच्या पटाची वाहवा झाली. काकूंचा भाग मी त्यातून काढून टाकला होता. यंत्र चालू आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि मुलाला दिलेला शब्दही होता. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. मुलाच्या छातीत बाईमाणसासारखी गाठ आली होती, दुखत होती, आणि सुया बंद केल्यापासून तो अंथरुणातून उठत नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "तुला ठाऊक होतं ना गं?"

मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. तिथे जे कळले ते संकोच सोडून सांगते. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषाच्या शरीरातला रस. १९३५ साली तो रसायनशाळेत बनविता आला. १९५८ साली त्याच जातीच्या डायनाबॉल नावाच्या गोळ्या अमेरिकेत विक्रीला आल्या आणि वजने उचलणाऱ्यांच्या हाती पडल्या. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून खेळाडूंची त्यासाठी तपासणी होऊ लागली. १९८८ साली सोलला बेन जॉन्सनचे सुवर्णपदक गेले ते अशाच औषधापायी. बाहेरून रस मिळू लागला की मेंदूला वाटते माल भरपूर आहे, आणि तो शरीरातला कारखाना बंद करायला सांगतो. आग्रा रोडवरचे कारखाने बंद पडलेले आपण पाहिले आहेत. शरीरातला हा कारखाना पुन्हा चालू व्हायलाही महिनेच्या महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. तोवर उदासी, अशक्तपणा, मूल होण्यातही अडचण. जास्तीच्या रसाचे शरीरात स्त्रीरसात रूपांतर होते, म्हणून ती छातीतली गाठ. गोळ्यांनी यकृत बिघडते, हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि वाढत्या वयात घेतल्यास हाडांची टोके वेळेआधी बंद होऊन उंची खुंटते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकायला कायद्याने बंदी आहे, मिळतात मात्र.

एक सांगायलाच हवे, कारण मागे एका मावशींनी घाबरून नातवाचा पंप बंद केला होता. दम्याच्या पंपातले स्टिरॉइड निराळ्या जातीचे. त्याने दंड फुगत नाहीत, श्वास मोकळा होतो. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि डब्यातली प्रोटीनची पूड म्हणजेही स्टिरॉइड नव्हे, जरी काही भेसळीच्या डब्यांत ते सापडलेले आहे.

मुलगा आता बरा आहे. गाठीची शस्त्रक्रिया झाली, नोकरीवर जातो, व्यायामही करतो. दंड पूर्वीसारखे राहिले नाहीत म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. ही हकीगत सांगायला दोघांचीही परवानगी आहे. नाव तेवढे घेऊ नकोस, असे काकू म्हणाल्या.

गेल्या महिन्यात त्या आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "माझा तो भाग ठेवला असशील तर दाखव." मी लावला. अंडी उकळताहेत, त्या बोलताहेत. काकूंनी पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. नीट पुढे वाकून पाहत होत्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघ, इथं मी हसतेय."