चिकटू न देणारा थर



“तू नक्की करतोस काय?” या प्रश्नाचं हे थोडक्यात उत्तर.

हृदयविकाराचा झटका आला, की हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. लिटरभर रक्तद्रवात प्रथिनं साधारण 70 ग्रॅम. ट्रोपोनिन मात्र ग्रॅमच्या अब्जांशांत मोजायचं. संवेदक रक्तात बुडवला, की बाकीची प्रथिनंच त्यावर थर धरतात आणि खोटा इशारा मिळतो.

म्हणून पृष्ठभागावर कार्बॉक्सीबेटेन पॉलिमरच्या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या दाट उभ्या करतात. त्यांच्या प्रत्येक घटकावर धन आणि ऋण भार शेजारीशेजारी असतात, त्यामुळे पाणी घट्ट धरलं जातं. ते हटवल्याशिवाय प्रथिनाला चिकटता येत नाही.

याच साखळ्यांच्या कार्बॉक्सिल गटांना ट्रोपोनिन ओळखणारी प्रतिपिंडं जोडता येतात. जोडणीसाठी सक्रिय केलेले उरलेले गट मात्र मूळ रूपात परतायला हवेत. नाहीतर भारांचा तोल बिघडतो आणि प्रथिनं पुन्हा चिकटू लागतात. सगळी कसोटी इथेच. कारण अहवालात ‘काही नाही’ आलं, की माणूस निर्धास्त घरी जातो.

आपली पन्नाशी उलटली आहे. छातीत दुखलं, तर अंगावर काढू नका. लगेच दवाखाना गाठा.