आकड्यांची विद्या आणि कामगारांची मुले



अर्थशास्त्र आणि डेटा सायन्स यांच्या जोडअभ्यासावर बोलायला युनियनच्या कचेरीतला माणूस का बोलावला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही ते फुकट वाचनालयात आणि वाटाघाटींच्या टेबलापाशी झाले. परंतु इतकी वर्षे मालकांशी आम्ही ज्या गोष्टीवरून भांडत आलो ती गोष्ट आकडाच होती. आणि हल्ली वस्तीतली मुलेमुली आईबापांना सोबत घेऊन आमच्याकडे येतात, हातात प्रवेशाचा कागद असतो, आणि विचारतात, “काका, हे शिकावे का?” त्या प्रश्नाला जे उत्तर देतो तेच आज जरा सविस्तर देणार आहोत.

हे शिकणे म्हणजे काय, ते आधी सांगू. बाजार, मजुरी, कर, कर्ज यांचा विचार करणारे अर्थशास्त्र. थोड्यांना विचारून पुष्कळांविषयी अंदाज बांधणारे संख्याशास्त्र. आणि लाखो ओळींचा हिशेब क्षणात करणारा संगणक. या तिघांना एका दावणीला बांधले की हा अभ्यास तयार होतो. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे लग्न जुनेच आहे, त्याला अर्थमिती म्हणतात. नवा आहे तो संगणकाचा वेग. आणि वेगाची भुरळ फार लवकर पडते, म्हणून एक हकीकत सांगतो.

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारचे कर्ज राष्ट्रीय उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की देशाची वाढ खुंटते, सरासरीने ती शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्क्यावर जाते, असे त्यात दिसत होते. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कापा म्हणणाऱ्यांना हा दाखला आयताच मिळाला. खर्च कापणे म्हणजे कोणाचे काय कापणे, हे या सभागृहात समजावून सांगायला नको. पुढे अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला अर्थमितीच्या वर्गात गृहपाठ मिळाला: एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यातला हिशेब पुन्हा करून दाखवा. त्याने हाच निबंध घेतला. हिशेब काही केल्या जुळेना. तेव्हा त्याने लेखकांकडेच मूळ तक्ता मागितला, आणि त्यांनी तो दिला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तक्ता उघडून पाहतो तो सरासरीच्या सूत्रात ओळीच कमी घेतलेल्या! वीस देशांपैकी ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते.

परंतु आम्हांला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. भारी कर्जाची ब्रिटनची एकोणीस वर्षे हिशेबात होती आणि न्यूझीलंडचे केवळ एक, १९५१ हे वाईट वर्ष. त्याच्या आधीची चार वर्षे गाळलेली. आणि दोन्ही देशांना वजन सारखेच! एका वर्षाची घसरण एकोणीस वर्षांच्या तोडीची ठरली. २०१३ साली हर्नडनने आपल्या दोन प्राध्यापकांसह, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासह, हिशेब नव्याने मांडला, तेव्हा उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आले. जास्त कर्जाच्या देशांची वाढ काहीशी मंद असते, एवढे त्यातही राहिले. कडेलोट मात्र राहिला नाही. मूळ लेखकांनी गळलेल्या ओळींची चूक कबूल केली, वजनांच्या पद्धतीचे मात्र समर्थन केले. वर्गातल्या एका गृहपाठाने हे घडवले, हे लक्षात घ्या.

आता “वजन” हा शब्द घेऊन आपल्या घरी येऊ, कारण आपला महागाईभत्ता त्यावरच टांगलेला आहे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सिमल्याचे आणि चंदीगडचे लेबर ब्युरो काढते. कामगार कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चात धान्य किती, भाडे किती, कापड किती याची पाहणी होते आणि त्या प्रमाणात प्रत्येक गटाला भार मिळतो. २००१ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाद्यपेयांचा भार ४६.२० होता. २०१६ च्या पायावरची मालिका २०२० साली लागू झाली, तिच्यात तो ३९.१७ आहे. समजा, खाण्याचे सारे पदार्थ दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी सगळे जिथल्या तिथे राहिले. जुन्या भाराने निर्देशांक ४.६२ टक्के चढला असता, नव्याने ३.९२ टक्केच चढेल. बाजार तोच, पिशवी तीच, भत्ता निराळा.

हे सांगितले की आमचे सभासद लगेच म्हणतात, लबाडी आहे. आम्ही तसे म्हणत नाही. कुटुंबाची मिळकत वाढते तसा खाण्यावरच्या खर्चाचा वाटा उतरतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच दाखवले आहे. भांडायचे असेल तर पुढच्या प्रश्नावर भांडावे: पाहणी कोणाच्या घरी झाली? या मालिकेत कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे ही सात क्षेत्रे धरतात. पाठीवर पेटी घेऊन दारोदार जेवण पोहोचवणारा पोरगा यांपैकी कोणत्या क्षेत्रात बसतो? कोणत्याच नाही. त्याची चूल या आकड्यात पेटतच नाही.

असे भांडण पूर्वी झालेले आहे. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी निर्देशांकावरच बोट ठेवले. तेव्हा महाराष्ट्र सरकारला अर्थशास्त्रज्ञ डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. रस्त्यावर माणसे होती म्हणून समिती नेमली गेली. पण समितीपुढे बोलायला आकडे समजणारी माणसेही लागतात. ती माणसे पुष्कळदा आपल्याला उसनी आणावी लागतात.

म्हणून, “शिकावे का?” याला आमचे उत्तर “अवश्य” असे आहे. फक्त पोरांना काही गोष्टी बजावतो. जाहिरातीत पगाराचे आकडे मोठे असतात, ते आकडेसुद्धा याच विद्येने तपासा: किती मुलांची सरासरी, आणि नोकरी न मिळालेली मुले त्यात धरली की गाळली? पहिल्या वर्षी पायथॉन आणि आर या संगणकाच्या भाषा शिकवतील, त्या सहा महिन्यांत येतात. संभाव्यता आणि अर्थमिती यांना घाम गाळावा लागतो. तिथे अंग चोरू नका. आणि विद्यापीठाने घराबाहेर काढले नाही तर आपण होऊन बाहेर पडा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी या शहराची पाहणी केली ती कुटुंबाकुटुंबांची विचारपूस करूनच. “महिन्याला तेल किती लागते?” हा प्रश्न विचारताना बाई का गप्प होते, ते तक्त्यात दिसत नाही.

नोकरी कुठे मिळेल, हेही आईबाप विचारतात. बँकेत, विमा कंपनीत मिळेल. किंवा त्या जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्यांत, जिथे प्रत्येक फेरीचा दर संगणक ठरवतो आणि तो कसा ठरला हे फेरी करणाऱ्याला कळत नाही. पोटासाठी तिथे जाणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. धाकटा भाऊ फेऱ्या मारतो आणि थोरली बहीण दराचे सूत्र लिहिते, अशी घरे आता होणारच. पण त्या सूत्राचा हिशेब उलगडून दाखवणारे चार जण आमच्याही बाजूला हवेत, आणि त्यांना देण्यासारखा मोठा पगार आमच्यापाशी नाही, ही खरी अडचण आहे. सभासदांच्या वर्गणीतून दोन विद्यार्थ्यांची फी भरावी असा विचार आमच्या मंडळींत चालू आहे; त्यावर मतभेदही आहेत, ते लपवत नाही.

तोवर एवढे करता येईल. आमच्या कचेरीत सभासदांच्या जुन्या पगारपत्रकांचे गठ्ठे आहेत. भत्ता, ओव्हरटाइम, कपाती, सारे त्यांत आहे, आणि कोणी आजवर ते एका तक्त्यात मांडलेले नाही. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर त्याने यावे. नावे झाकून कागद देऊ, चहाही देऊ. संध्याकाळी सहानंतर कचेरी उघडी असते.