कुलपाआधी कागद

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर फोटोग्राफरांची एक जुनी तक्रारही. सिलेक्शनसाठी पाठवलेल्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढून यजमान मंडळी तेच वाटत सुटतात, मग अल्बमची पानं कमी होतात, आणि एखादा फोटो हॉलच्या जाहिरातीत झळकतो, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव नाही. बाजारात यावर उपाय भरपूर मिळतात. वॉटरमार्क आहे, पासवर्डची गॅलरी आहे, माउसचं उजवं बटण चालू न देणाऱ्या वेबसाइट आहेत. माझं म्हणणं असं की हे सगळे उपाय दुय्यम आहेत. फोटो कुणाचा आणि तो कुणी कुठे वापरायचा, हे ऑर्डर घेतानाच कागदावर ठरलेलं नसेल, तर कुलूप कितीही भारी असो, ते नेमकं कुणाविरुद्ध लावलंय हेच सांगता येत नाही.

आधी कुलपांची ताकद पाहू. जो फोटो पडद्यावर दिसतो त्याची प्रत त्या यंत्रात उतरलेलीच असते. उजवं बटण बंद केलं तरी स्क्रीनशॉट आहे. काही अ‍ॅप स्क्रीनशॉट अडवतात, तर दुसरा फोन समोर धरून फोटोचाच फोटो काढता येतो. संगीतवाल्यांनी हे आधीच भोगलंय. 2005 साली सोनी बीएमजीच्या सीडींमध्ये कॉपी रोखणारा प्रोग्रॅम होता. तो गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरात लपून बसायचा आणि बाहेरच्या घुसखोरांना वाट करून द्यायचा. दावे झाले, सीडी परत मागवाव्या लागल्या. 2009 च्या जानेवारीत अ‍ॅपलने आयट्यून्सवरची गाणी कुलपाविना विकण्याचं जाहीर केलं आणि चारही मोठ्या रेकॉर्ड कंपन्या त्याला राजी झाल्या. फोटोंचा जगभर व्यापार करणाऱ्या गेटी इमेजेसनेही 2014 च्या मार्चमध्ये साडेतीन कोटींच्या आसपास फोटो बिगरव्यापारी वेबपानांवर फुकट लावू दिले. अट एवढीच की ते गेटीच्याच चौकटीतून, नावासकट दिसावेत. यातलं कुणीही भाबडं नव्हतं. वकिलांची फौज आणि पैसा असूनही ज्यांना कुलूप परवडलं नाही, त्यांनी सोडलेल्याच वाटेने तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओने जायचा हट्ट का धरावा?

वॉटरमार्कवर आपल्याकडे फार भिस्त असते. 2017 साली गूगलच्याच संशोधकांनी एक शोधनिबंध मांडला. एकाच साच्याची खूण शेकडो फोटोंवर असेल, तर ते सगळे फोटो एकमेकांशी ताडून कॉम्प्युटर ती खूण ओळखतो आणि बरीचशी पुसूनही टाकतो, असं त्यांनी दाखवलं. प्रत्येक फोटोवर खूण किंचित वेगळी वाकवली तर पुसणं अवघड जातं, हेही त्यांनीच सांगितलं. आणि आपल्या स्टुडिओत काय होतं? एकच लोगो, एकाच कोपऱ्यात, आठशे फोटोंवर एका झटक्यात छापला जातो. कोपऱ्यातला लोगो तर कात्री लावली की गेला, त्याला संशोधकही लागत नाहीत. मोठा करून मधोमध छापला तर नवरीच्या चेहऱ्यावर येतो, आणि मग गिऱ्हाईक सिलेक्शन तरी कसं करणार?

लहान आकाराची फाइल देणं हा त्यापेक्षा कामाचा उपाय. लांब बाजू 1600 पिक्सेल असलेला फोटो अल्बमच्या 18 इंची पानावर ताणला, तर इंचाला 90 पिक्सेलही वाट्याला येत नाहीत. चांगल्या छपाईला साधारण 300 लागतात. म्हणजे अल्बम आपोआप राखला जातो. पण तीच फाइल इंस्टाग्रामला पुरून उरते, आणि लांबून पाहायच्या फ्लेक्सवरही खपून जाते. एवढं मात्र मान्य करायला हवं की पहिलं दर्शन आणि शेवटचा हप्ता यांच्या मधल्या काळात लहान फाइल, वॉटरमार्क आणि पासवर्ड या तिन्हींना अर्थ आहे. पूर्ण पैसे आले की मोठ्या फाइल, ही रीत रास्तच आहे. पण तिने राखली जाते ती उधारी. पैसे चुकते झाल्यावर काय, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि तिथे कायदा उभा आहे, तोही बहुतेकांना वाटतो त्याच्या उलट्या बाजूला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणाराच. पण कलम 17 म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा माणूस. म्हणजे विसार घेऊन, काहीही न लिहिता काढलेले लग्नाचे फोटो कायद्याने यजमानांचे. त्यांनी त्यांच्या शंभर प्रती काढल्या तर ती चोरी नव्हेच. उलट फोटोग्राफरने तेच फोटो न विचारता स्वतःच्या जाहिरातीला लावले, तर विनापरवाना वापर करणारा तो ठरू शकतो. (आता सांगणारा कोण, वधूपिता की वरपिता, आणि खर्च निम्मा-निम्मा असेल तर काय, हा आणखी एक गुंता. तो आपल्याकडे मानपानापर्यंतही जाईल.) हे कलम इंग्रजांच्या 1911 च्या कायद्यातून आलेलं. खुद्द ब्रिटनने 1988 च्या कायद्यात ते बदललं. तिथे मालकी फोटोग्राफरकडे गेली, पण घरगुती कामासाठी फोटो काढवून घेणाऱ्याला ते जाहीर होऊ न देण्याचा हक्क मिळाला. मला ही वाटणी जास्त शहाणपणाची वाटते. आपल्या कलमातच उलट कराराला वाव असल्यामुळे ती इथे आजही करता येते. कॉपीराइट स्टुडिओकडे, घरच्या वापराला कुटुंबाला पूर्ण मोकळीक, धंद्याच्या वापराला स्टुडिओची परवानगी, आणि कुटुंबाच्या होकाराशिवाय स्टुडिओनेही काही प्रसिद्ध करायचं नाही. चार ओळींचं काम आहे.

यावर पहिला आक्षेप असा की लग्नघरात कागदावर सह्या मागितल्या तर माणसं दुखावतात. पण विसाराची पावती आपण देतोच. तारीख, पानांची संख्या, बाकी रक्कम तिच्यावर लिहितोच. त्याच पावतीवर या ओळी छापल्या, वाचून दाखवल्या आणि दोघांनी सही केली, तर कोण दुखावेल? दुखावणं होतं ते नंतर, न ठरलेल्या गोष्टीवरून भांडताना.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. कुटुंबाला प्रती मोकळ्या दिल्या तर कमाई कशावर करायची? रिळाच्या काळात निगेटिव्ह स्टुडिओत राहायची आणि पोस्टकार्ड साइजच्या प्रत्येक कॉपीचे पैसे यायचे. हजेरीचा दर कमी ठेवून कॉप्यांवर भरून काढणं त्या काळी परवडायचं. प्रत काढायला आज खर्चच येत नाही, म्हणून तिच्यावर लावलेली किंमत टिकत नाही. किंमत लावायची ती दिवसभर उभं राहण्याला, नजरेला, रात्री जागून केलेल्या एडिटिंगला आणि छापून बांधलेल्या अल्बमला. दर चढा दिसला तर गिऱ्हाईक शेजारच्या स्टुडिओत जाईल, ही भीती खोटी नाही, काही गिऱ्हाइकं जातीलही. पण स्वस्त दर सांगून नंतर प्रत्येक प्रतीला पहारा देणारा स्टुडिओही तीच गिऱ्हाइकं गमावतो. फक्त ती लग्न झाल्यावर जातात, आणि बोलत जातात.

राहिला खरा लुबाडणारा. तो बहुतेकदा गिऱ्हाईक नसतो. हॉल, मेकअपवाले, मंडप सजवणारे यजमानांच्या पोस्टवरून फोटो उचलतात आणि त्यावर धंदा करतात. इथे तंत्रज्ञान कामाला येतं, पण पुराव्यासाठी. रॉ फाइल कुणालाही द्यायची नाही. त्या फोटोच्या मागच्या-पुढच्या फ्रेमसकट मूळ फाइल दाखवू शकणाऱ्याला फोटो आपण काढल्याचं वेगळं पटवावं लागत नाही. कॅमेऱ्याच्या मेन्यूत हक्कदाराचं नाव भरायची जागा असते, ती एकदा भरून ठेवली की प्रत्येक फाइलच्या पोटात ते नाव जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर ही नोंद गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या 65 ब या कलमानुसार अशी हक्काची नोंद जाणूनबुजून, अधिकार नसताना काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कोर्टात जाणं छोट्या माणसाला झेपत नाही, हे खरंच. पण कायद्याने एक सोय ठेवलीय. साताऱ्यात राहून तिथेच धंदा करणाऱ्याला पुण्यातल्या हॉलवर साताऱ्यातच दावा लावता येतो. बहुतेक वेळा दाव्याआधीचं एक पत्रच पुरतं: फोटो काढून टाका, किंवा नाव द्या आणि वापराचे पैसे द्या.

फक्त ते पत्र पाठवण्याआधी विसाराची पावती काढून पाहावी. कारण हॉलवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: फोटो आम्हाला नवरदेवानेच दिला. पावतीवर त्या चार ओळी असतील, तर नवरदेवाला धंद्यासाठी फोटो देण्याचा अधिकारच नव्हता, एवढं दाखवून देता येतं. नसतील आणि ऑर्डर नवरदेवाचीच असेल, तर मालकानेच परवानगी दिल्यासारखं आहे. मग फोटोग्राफरच्या हातात कर्ता म्हणून कलम 57 चा हक्क उरतो, फोटोखाली आपलं नाव मागण्याचा.