आधी शब्द समजून घ्या, मग यंत्र घ्या



मन्मथस्वामींच्या समाधीच्या या परिसरात संगणकाच्या भागांविषयी बोलायला सातवी शिकलेला कामगार-कार्यकर्ता उभा राहिला, याचे नवल वाटू देऊ नका. माझे आयुष्य करार वाचण्यात गेले. ऊसतोडीच्या करारात ‘एक कोयता’ असे म्हणतात. नवख्याला वाटते, एक हत्यार! प्रत्यक्षात ती नवरा-बायको अशा दोन जिवांची मेहनत असते. शब्द न समजता अंगठा उठवला, की तो हंगामभर फेडावा लागतो.

संगणकाच्या पावतीचेही तसेच आहे. आमच्या युनियनच्या कचेरीसाठी आम्ही मजुरांच्या वर्गणीतून यंत्र घेतले. दुकानदार म्हणाला, “एक हजार जीबीचे आहे.” आम्ही खूष! परंतु मजुरांच्या नोंदणीचे अर्ज भरायला बसलो, तो एक अर्ज उघडेपर्यंत चहा निवून जाई. बाहेर बायाबापड्या रोज बुडवून रांगेत उभ्या. मग एका जाणत्या पोराने उलगडा केला: हजार जीबी हे कोठार होते, रॅम अवघी चार जीबी होती.

रॅम म्हणजे खळे. माल कोठारात राहतो, पण मळणी खळ्यावरच होते. वीज गेली की खळे रिकामे होते, कोठार भरलेलेच राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाचे खळे आजच्या मापाने सुमारे दहा केबी होते. आठ जीबी म्हणजे त्याच्या आठ लाख पटींहून अधिक. तरी आज तेवढे लागते, कारण कामेही तशीच वाढली. कोठारातही प्रकार आहेत. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून माल झटकन हाती येतो.

आता प्रोसेसर, म्हणजे मळणी करणारे हात. ‘आय-फाइव्ह’ हे नुसते घराण्याचे नाव झाले; पिढी पुढच्या आकड्यात असते. आय-फाइव्ह २४०० हा २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा. १२४०० हा २०२२ सालचा, बाराव्या पिढीचा. नाव एकच, अंतर अकरा वर्षांचे! शिवाय प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक मदरबोर्डावर बसत नाही. दोघांचे सॉकेट जुळावे लागते. डीडीआर-फोरची रॅम डीडीआर-फाइव्हच्या जागेत जात नाही, कारण खाच वेगळी असते.

तेव्हा दुकानात चारच प्रश्न विचारा: रॅम किती आणि कोणती? कोठार कोणते? प्रोसेसरचा पुरता आकडा काय? पुढे भर घालायला जागा आहे काय? उत्तरे पावतीवर लिहून घ्या.

आमच्या मदरबोर्डावर एक जागा रिकामी होती. तिथे चार जीबीची आणखी एक पट्टी बसवली आणि रांग सरकू लागली. यंत्र खोटे नव्हते. आमचा प्रश्न अपुरा होता. मित्रहो, अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. घामाचा पैसा मोजणाऱ्याचा तो पहिला हक्क आहे.