आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन

आजचा भाग गाड्यांवरचा आहे, पण कुठली नवी एसयूव्ही घ्यावी वगैरे नाही. आज बोलायचंय रेप्लिका स्पोर्ट्स कारबद्दल, म्हणजे नामांकित स्पोर्ट्स कारची प्रतिकृती. ती घ्यायची तर कुठली, आणि तिच्यात इंजिन कुठलं असावं. हे सगळं मी वाचून सांगत नाहीये. या नादात माझे चाळीस हजार रुपये गेलेत, त्यामुळे थोडं मनापासून बोलणार आहे.

तर झालं असं. मी नाशिकचा, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, काम घरूनच. गेल्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे सहा लाख जमले होते. घरातल्यांचं म्हणणं, फ्लॅटच्या डाउन पेमेंटला ठेव. माझ्या डोक्यात मात्र कॉलेजपासून एकच गाडी. बुटकी, उघडी, दोन सीटची, पुढची चाकं बाहेर आलेली. लोटस सेव्हन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही ब्रिटिश गाडी १९५७ साली आली. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरची. त्याचा सगळा भर वजन कमी करण्यावर. दरवाजे नकोत, छत नको, नुसता पाइपांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. आणि इंजिन? सुरुवातीच्या सेव्हनमध्ये फोर्डच्या साध्या घरगुती गाडीचं ११७२ सीसीचं इंजिन होतं, ताकद चाळीस बीएचपीच्या आसपास. आपल्या आजच्या अल्टोपेक्षा कमी! १९७३ मध्ये लोटसनं या गाडीचे हक्क केटरहॅम नावाच्या कंपनीला दिले, आणि ती कंपनी आजही सेव्हन बनवते.

आता आपल्याकडचं बघा. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कंपनीनं याच सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. महाराष्ट्रात, समुद्राकाठी! आणि इंजिन कुठलं? इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. नाव परकं वाटेल, पण तुमच्या आजोबांना माहीत असेल. हेच इंजिन काँटेसात होतं, आणि ९०च्या दशकात ॲम्बेसेडरमध्येही आलं. म्हणजे सरकारी लाल दिव्याच्या गाडीतलं इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. ॲम्बेसेडरचं इंजिन? नंतर एक्सेल उघडून गणित मांडलं आणि हसू बंद झालं.

गणित सोपंय. इंजिनाची ताकद भागिले गाडीचं वजन. ॲम्बेसेडरमध्ये त्या इंजिनाची ताकद ७५ बीएचपी आणि गाडी अकराशे किलोच्या वर. म्हणजे एका टनामागे अडुसष्टच्या आतबाहेर. आमच्या घरच्या वॅगन आरचं उत्तर पंच्याहत्तर-ऐंशी येतं. आता तेच ७५ बीएचपीचं इंजिन ७०० किलोच्या गाडीत टाका. टनामागे १०७! इंजिनाला हात न लावता, फक्त वजन उतरवून. केटरहॅमनं २०१३ मध्ये तर कमालच केली. सेव्हन १६० मध्ये सुझुकीचं फक्त ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलं. ताकद ८० बीएचपी, गाडीचं वजन ४९० किलो. टनामागे १६३. थांबलेल्या अवस्थेतून शंभराच्या आसपास पोचायला साधारण सात सेकंद.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे. प्रतिकृती दोन प्रकारची असते. एक, कातड्याची. जुनी होंडा सिटी किंवा स्विफ्ट घ्यायची, तिच्यावर फायबरची लॅम्बोर्गिनी चढवायची. खऱ्या अव्हेंटाडोरमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं, ७०० हॉर्सपॉवरचं इंजिन असतं. आपल्या फायबरवालीत पुढे दीड लिटर. सिग्नलवर पोरं फोटो काढतील, पण सिग्नल सुटला की खेळ संपला. दुसरी प्रतिकृती कल्पनेची. हलकी गाडी, साधं इंजिन, मागच्या चाकांना जोर. ही मात्र पाच-सहा लाखांच्या आवाक्यात खरीखुरी उतरवता येते, कारण मूळ गाडीतही महागडं काही नव्हतंच.

आणि उसन्या इंजिनाची लाज वाटून घेऊ नका. आपल्याकडे ज्यांनी स्पोर्ट्स कारचा प्रयत्न केला त्यातल्या अनेकांनी ते उसनंच आणलं. सॅन स्टॉर्म नावाची फायबरची टू-सीटर होती, तिच्यात रेनोचं १.२ लिटर इंजिन. मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दाखवली, तिचं दोन लिटरचं टर्बो इंजिनही रेनोचंच.

आता इंजिन निवडताना बहुतेक पोरं जिथे फसतात ती गोष्ट. मीही फसलो होतो. माझी पहिली पसंती होती जुन्या होंडा सिटीचं व्हीटेक, दीड लिटर, १०६ बीएचपी. वरच्या आरपीएमला ते जे ओरडतं ना, आहाहा! पण ते इंजिन बसतं आडवं, आणि जोर देतं पुढच्या चाकांना. सेव्हनला लागतं उभं इंजिन. म्हणजे नाकापासून ड्रायव्हरकडे लांबीनं बसणारं, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागचं हौसिंग. आडवं इंजिन उभं करायचं तर गिअरबॉक्स दुसरा शोधा, तो जोडायला मधली प्लेट खरादीवर करून घ्या, क्लच जुळवा, वायरिंग आणि ईसीयू एकमेकांशी बोलतायत का ते बघा. हे सगळं होतं, होत नाही असं नाही. पण स्वस्तात घेतलेलं इंजिन बसवायला त्याच्या दुप्पट खर्च होतो.

आपल्याकडे मुळातच उभं आणि मागच्या चाकांना जोर देणारं पेट्रोल इंजिन कुठल्या गाड्यांत मिळतं? ॲम्बेसेडर-काँटेसाचं इसुझू. जिप्सीचं १.३, पण त्याच्यामागे फोर-व्हीलचा ट्रान्स्फर केस असतो. आणि तिसरं, ऐका आणि हसू नका: मारुती ईको. हो, शाळेची पोरं नेणारी ईको. १.२ लिटर, २०२२ पर्यंतच्या गाडीत ७३ बीएचपी, इंजिन उभं, जोर मागे, आणि पार्ट नाशिकच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळणार.

इथपर्यंत सगळं मी लॅपटॉपवर ठरवलं होतं. मग एका ॲपवर जाहिरात दिसली. सेव्हनसारखी रोडस्टर, लाल रंग, पाच लाख ऐंशी हजार. गाडी दुसऱ्या शहरात होती. मालक फोनवर म्हणाला, "भाऊ, दोन गिऱ्हाइकं अजून आहेत. चाळीस टाका, मी थांबतो." मी रात्री साडेअकराला चाळीस हजार टाकले. गाडी न बघता!

रविवारी पप्पांना घेऊन गेलो. पप्पा अंबडच्या एका कंपनीत टूलरूमला एकतीस वर्षं होते, आता रिटायर. त्यांना गाड्यांचं वेड अजिबात नाही. ते यासाठी आले की मी एकटा जाऊ नये.

गाडी दिसायला काय सांगू! मालकानं चावी फिरवली आणि माझ्या अंगावर काटा आला. तो अभिमानानं सांगायला लागला, मूळ इंजिन काढून टाकलं, परदेशातून आलेल्या कापलेल्या गाडीतलं दोन लिटरचं बसवलंय, दीडशेच्या वर बीएचपी. मी मनात भागाकार करून मोकळा. एक चक्कर मारली. सरळ रस्त्यावर गाडी अशी सुटली की बस. पण पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि ती थांबायचं नावच घेईना. पुढे जड इंजिन आलेलं, पण ब्रेक आणि पुढच्या स्प्रिंगा मूळच्याच. वळणावर शेणखताची ट्रॉली उभी होती. ट्रॉली आणि आमच्यात किती अंतर उरलं ते मी घरी सांगितलेलं नाही.

परत आलो तर पप्पा बॉनेट उघडून वाकलेले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्याकडून पार्किंगची पावती मागितली, ती इंजिन नंबरवर ठेवली आणि वरून पेन्सिल घासली. आरटीओत चेसिसचा छाप घेतात ना, तस्सं. मग तो छाप आरसीशेजारी धरला. एकही आकडा जुळत नव्हता.

मालक म्हणाला, "काका, कोण बघतंय? आरटीओत ओळख आहे." आणि खरं सांगू? मी पप्पांना बाजूला घेऊन म्हणालो, "चालतं हो पप्पा सगळीकडे." एवढा ब्रेकचा प्रकार होऊनही. मला ती गाडी हवी होती.

पप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे ज्या पार्टचा नंबर ड्रॉइंगशी जुळत नाही, तो कितीही चकाचक असू दे, लाल डब्यात जातो. तुझे पैसे, तू ठरव. पण यात तू तुझ्या आईला बसवशील का, एवढं सांग." मी काही बोललो नाही. आम्ही निघालो. चाळीस हजार परत मिळाले नाहीत.

कसारा घाट चढताना मी मोबाईलवर कायदा वाचत बसलो. जे आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं, ही माझी चूक. तुम्ही करू नका, म्हणून सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मुळात जी माहिती दिली आणि जी आरसीवर आहे, ती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. झिजलेलं इंजिन परवानगी घेऊन तशाच इंजिनानं बदलणं वेगळं, आणि दुसऱ्याच कंपनीचं ताकदवान इंजिन गुपचूप बसवणं वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. बेकायदा फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात दावा नाकारायचं आयतं कारण. आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणाला गेलात की तपासणीत गाडी आणि कागद समोरासमोर येतातच.

मग घरीच नवी सेव्हन बांधली तर? इंग्लंडमध्ये एकट्यानं बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला नंबर द्यायची सोय आहे, म्हणून तिथे शेडमध्ये गाडी बांधणारी माणसं आहेत. आपल्याकडे नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइपची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे होते. ती व्यवस्था कंपन्यांसाठी आखलेली आहे. एका माणसाच्या एका गाडीला तो खर्च झेपत नाही.

तर मंडळी, माझ्या एक्सेलचा क्रम आता उलटा झालाय. आधी बीएचपी पहिल्या रांगेत होतं. आता पहिल्या रांगेत कागद. आरसी, इंजिन नंबर, चेसिस नंबर, तिन्ही जुळतात का. खिशात पेन्सिल ठेवा. दुसरं, ब्रेक आणि सस्पेंशन कुठल्या वजनासाठी बनवलेत. तिसरं, इंजिन उभं की आडवं. चौथं, पार्ट तुमच्या गावात मिळतात का. आणि हे सगळं जमलं तर पाचवं, ताकद. मूळ इंजिनासकट, कागद जुळणारी जुनी रोडस्टर मिळाली, तर दीडशेवालीपेक्षा तीच घ्या. आणि टोकन गाडी बघितल्यावरच द्या, रात्री साडेअकराला तर नाहीच नाही.

माझं काय झालं? गाडी अजून नाही. पण आमच्या पार्किंगमध्ये लोखंडी स्टँडवर ईकोचं एक जुनं इंजिन आहे, भंगारातून पावतीसकट घेतलेलं. रविवारी मी आणि पप्पा ते उघडतो. सोसायटीचे चेअरमन दर आठवड्याला विचारतात, हे कधी हलणार? पुढेमागे सांगाडा बांधलाच तर तो नंबर प्लेटशिवाय, ट्रकवर चढवून कोईमतूरच्या करी स्पीडवेसारख्या बंद ट्रॅकवर न्यायचा, रस्त्यावर नाही, हे ठरलंय. मागच्या रविवारी पप्पांनी पिस्टन काढले, पुसले आणि मला म्हणाले, "हे तुझ्या त्या फोर्डपेक्षा बरंच आहे की." त्यांनी सेव्हनबद्दल कधी वाचलं, मला माहीत नाही.

खंडेनवमीला त्याच इंजिनाला झेंडूचा हार घालायचाय. तोपर्यंत ते सुरू झालं, तर त्याचा आवाज पुढच्या एखाद्या भागात नक्की ऐकवतो. चला, काळजी घ्या, गाडी सावकाश चालवा. भेटू.